दर्भाचा कावळा

पितृपक्ष लागला की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर भरदुपारी माणसं दिसू लागतात. एरवी तिथे पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कोणाच्या तरी विसरलेल्या चादरी असतात. ह्या पंधरवड्यात मात्र कोणी ना कोणी केळीच्या पानाचा तुकडा कठड्यावर ठेवून, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून वर बघत उभं असतं. पनवेलच्या आकाशात हल्ली विमानं वाढली आहेत आणि कावळे कमी झाले आहेत. कबुतरं भरपूर. पण कबुतराला पूर्वजाचा दर्जा द्यायला अजून कोणी तयार नाही, त्यामुळे त्यांना हुसकावत राहणं हाही विधीचाच भाग होऊन बसला आहे.

ह्या दिवसांवर कोणी कौतुकाने लिहीत नाही. गणपती गेलेले असतात, देवी यायची असते. पाऊस संपला म्हणावं तर दुपारी एक सर येऊन वाळत घातलेले कपडे भिजवून जाते, आणि संपला नाही म्हणावं तर ऊन मानेवर चटका देतं. जिन्यात तळलेल्या वड्यांचा, गवारीच्या भाजीचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास मजल्यामजल्यावर साठून राहतो. बाजारात सोनार पेपर वाचत बसतात. भांडी, गाड्या, घरं, काहीच नवं घ्यायचं नाही, कशाला होकार द्यायचा नाही. अख्खं गाव पंधरा दिवस निर्णय पुढे ढकलतं. आणि निर्णय बंद असले की काळजीला मोकळं रान मिळतं, हे मला गेल्या वर्षीच्या पक्षात नीट कळलं. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात दोन गोष्टींची वाट बघितली गेली. एक कावळ्याची आणि एक ट्रकची.

ताई आणि भाऊजी तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्याच इमारतीत तळमजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. ताईचे गुडघे इमारतीच्या आधी म्हातारे झाले. भाजी आणायला उतरली की ती दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर थांबते आणि कोणी बघितलं तर पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करते. भाऊजी वीजखात्यातून निवृत्त झाले तेव्हा ठरलं होतं की मिळालेल्या पैशातून लिफ्टचं घर घ्यायचं. आमच्या घरी ‘लिफ्टचं घर’ हा एकच शब्द झाला आहे. थोडे पैसे कमी पडत होते. ते थोडे भरून निघावेत म्हणून भाऊजींनी सगळेच्या सगळे एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले.

कंपनी विजेवरच्या रिक्षा आणि स्कूटर बनवायची. आता ती विजेवरचा ट्रक बनवणार होती, आणि भाऊजींच्या मते सगळं भविष्य त्या ट्रकमध्ये भरलेलं होतं. त्यांचं अख्खं आयुष्य लोकांना ‘वीज येईल, थोड्या वेळात येईल’ असं सांगण्यात गेलं. इतकी वर्षं सांगितल्यावर माणसाचा स्वतःचाही विश्वास बसतो.

ट्रक कोणी पाहिला नव्हता. पण त्याच्याबद्दल माहिती सर्वांना होती. भाऊजींच्या मोबाइलवर ‘भागधारक बंधू’ नावाचा ग्रुप होता आणि त्यात पहाटेपासून मंडळी ट्रकचं भविष्य वर्तवायची. एका चार्जवर तो कुठपर्यंत जाईल, घाट चढेल का, परदेशी पाहुणे कारखान्यात कशासाठी आले होते, अध्यक्षांनी मुलाखतीत चष्मा दोनदा का पुसला. कोणीतरी तरुण मुलगा शेअरच्या भावाचा आलेख टाकून त्यावर रेघा मारायचा, आणि आमच्याकडे पत्रिकेत शनी कुठे बसलाय हे ज्या गांभीर्याने बघतात त्याच गांभीर्याने भाऊजी त्या रेघा बघायचे. भाव चढला की ताईला म्हणायचे, लिफ्ट जवळ आली. उतरला की नुसते गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

मग बातमी आली की ट्रकची चाचणी आमच्याच बाजूला, कोन गावाजवळच्या रस्त्यावर सुरू आहे. काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचा झगा घातलेला ट्रक, म्हणजे आकार कोणाला कळू नये. भाऊजी मला घेऊन कोनला गेले. रस्त्याकडेच्या एका टपरीवर आम्ही दुपारभर बसलो. लोखंडाची वेटोळी घेतलेले ट्रेलर गेले, मोटारी पोटात घेतलेले लांबलचक कंटेनर गेले, कोंबड्यांचा टेम्पो गेला आणि जाताना थोडी पिसं आमच्या चहात टाकून गेला. झगेवाला ट्रक आला नाही.

टपरीवाली बाई गावातलीच होती. भाऊजींनी विचारल्यावर म्हणाली, “काल गेला ना काका. आवाज नाय, धूर नाय. माजा कुत्रा सगल्या गाड्यांवर भुकतो, त्याच्यावर नाय भुकला. आमी म्हटलं, हाय तरी का नाय?”

“माल भरलेला होता का?” भाऊजींनी विचारलं. सगळा प्रश्न तोच होता. रिकामा ट्रक कोणीही पळवेल.

“वरून ताडपत्री व्हती. आत माल हाय का हवा, मी कशी सांगू?”

परत येताना भाऊजींनी ग्रुपवर लिहिलं की कोन येथील प्रत्यक्षदर्शींनुसार ट्रक ताडपत्रीसह धावत आहे. संध्याकाळी तीच बातमी कुठल्याशा दुसऱ्या ग्रुपवरून फिरून त्यांच्याकडे आली. आता ती ‘पनवेलच्या जाणकार गोटातून’ आली होती आणि वाटेत ताडपत्रीखाली माल भरला गेला होता. भाऊजींनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली. “बघ,” ते म्हणाले, “मी म्हणत नव्हतो?” त्यांच्या चेहऱ्यावर खरंच समाधान होतं. स्वतःचीच थाप पाठीवर पडली तर ती दुसऱ्याची वाटावी, ही सोय ह्या नव्या यंत्रांनी करून दिली आहे.

तसा त्यांचा खरा आधार ग्रुप नव्हता. आधार होते इस्माईलभाई. कुवेतमध्ये बरीच वर्षं काढून परत आलेले, बंदरातून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांचे मालक. त्यांच्या गॅरेजला वीजजोडणी देण्यापासूनची भाऊजींची ओळख. इस्माईलभाईंनी त्या न पाहिलेल्या ट्रकसाठी आगाऊ पैसे भरून नंबर लावला होता. भाऊजी म्हणायचे, “जो माणूस झोपेतही डिझेलचा विचार करतो, तो उगाच नंबर लावेल? त्याने बघितलं असणार काहीतरी.”

एकदा एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात इस्माईलभाई मला भेटले. बोलता बोलता मी विचारलं की तुम्ही ट्रकमध्ये काय बघितलंत. ते हसले. “मी काय बघणार साहेब? मला इंजिन कळतं. त्यात इंजिनच नाय. पण तुमचे भाऊजी वीजखात्यातले. त्यांनी उमरभराची कमाई त्या कंपनीत टाकली, ती काय हवेत टाकली? त्यांना बघूनच मी नंबर लावला.”

मी घरी येऊन ताईला हे सांगितलं. ती भोपळा चिरत होती. आधी हसली, मग सुरी थांबली. “म्हणजे दोघं एकमेकांच्या खांद्यावर बसलेत,” ती म्हणाली. “खाली कोण उभं आहे?”

भाऊजींनाही मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, इस्माईलभाई विनयाने तसं बोलतात, त्या लोकांत अदब फार.

पक्ष लागला त्याच सुमारास कंपनीच्या एका स्वतंत्र संचालकाने राजीनामा दिला. कारण वैयक्तिक. स्वतंत्र संचालक म्हणजे मालकाच्या घरातला नसलेला, मालकावर लक्ष ठेवायला संचालक मंडळावर बसवलेला गृहस्थ. हे गृहस्थ मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते आणि वार्षिक अहवालात त्यांचा फोटो होता, पुस्तकांच्या कपाटासमोरचा. पाठोपाठ हिशेब तपासनीसांनीही काम सोडलं. मग बाहेर आलं की ट्रकच्या बॅटरीचं कंत्राट अध्यक्षांच्या जावयाच्या नव्या कंपनीला दिलं आहे. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे देतात. इथे हात जरा सैल सुटला होता. उरलेल्या स्वतंत्र संचालकांनी ह्यावर काय म्हटलं, तर काही नाही.

भाव उतरू लागला. ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, कारभाराचं काय घेऊन बसलात, ट्रक आला की सगळं धुऊन निघेल. दुसरा म्हणे, ज्यांचा कारभार असा, त्यांचा ट्रक येईलच कशावरून? भाऊजी दोन्ही तटांना अंगठा दाखवायचे, म्हणजे पसंतीचा. रात्री मला वरच्या मजल्यांवरून त्यांच्या चपलांचा आवाज येतो असं वाटायचं. तीन मजले खाली तो येणं शक्य नव्हतं.

ताई एकदाच बोलली, विकून टाका. भाऊजी म्हणाले, पक्ष चालू आहे, आत्ता व्यवहार नको. विकणं हे नवं काही घेणं नव्हे, असं मी सुचवून पाहिलं. शास्त्रात शेअरचा उल्लेख नाही, पण भाऊजींना नेमका तेव्हा तो सापडला होता.

त्यांच्या वडिलांच्या तिथीला आम्ही गच्चीवर उभे होतो. ताई कठडा धरून धापा टाकत होती. पानावर भात, वडा, खीर, सगळं मांडलेलं. समोरच्या टाकीवर एक कावळा येऊन बसला. त्याने पानाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि चोच पुसून घेतली. भाऊजी हात जोडून पुटपुटत होते. बराच वेळ गेला. मग ताई अगदी शांतपणे म्हणाली, “शेअर विकतो म्हणा. शिवेल.”

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. कावळा उडाला. पान शेवटी खाली गल्लीतल्या गाईला दिलं, आणि गाईने ते कसलीही अट न घालता खाल्लं.

जिना उतरताना मला आमच्या वडिलांचा दहावा आठवला. गाढी नदीचा काठ, वर आभाळ भरलेलं, आणि झाडावर रांगेने बसलेले कावळे, पण एक खाली उतरेना. नातेवाईक पुढे होऊन आळीपाळीने आश्वासनं देत होते. ताईचं लग्न करू, घराचा वाद मिटवू, धाकट्याला शिकवू. धाकटा मी. कावळे ऐकून घेत होते. अखेर गुरुजींनी घड्याळ बघितलं, चार दर्भ उचलले, पीळ देऊन त्यांचा एक कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. “शिवला,” ते म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि छत्र्या उघडल्या. मला तेव्हाही तो कावळा फार सोयीचा वाटला होता. आपणच करायचा, आपणच धरायचा, आपल्याला हवं तिथे टेकवायचा, आणि मग शिवला म्हणून जाहीर करायचं. अहवालातले स्वतंत्र संचालकांचे कपाटासमोरचे फोटो बघताना मला गेल्या वर्षी सारखा तोच आठवत होता. नियमाला कावळा लागतो. तो उडणारा असावा असं नियमात लिहिलेलं नसतं.

भाऊजींनी मात्र एक उपाय काढला. कंपनीची वार्षिक सभा पक्षातच होती, संगणकावरून. भागधारकाला आधी नाव नोंदवून दोन मिनिटं बोलता येतं. त्यांनी नाव नोंदवलं. प्रश्न एकच ठरला: बॅटरीचं काम जावयालाच का दिलं, आणि संचालक मंडळात त्याला विरोध कोणी केला? उत्तर समाधानकारक नसेल तर पक्ष संपताच विकायचे. ताईने हे देवासमोर वदवून घेतलं.

सभेच्या दिवशी भाऊजी कोट घालून संगणकासमोर बसले. खाली पायजमा होता, पण तो कंपनीला दिसणार नव्हता. आधीचे वक्ते बोलू लागले आणि मला त्या जगाचे रीतिरिवाज कळू लागले. एकाने अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतलं. एकाने अहवालाचा कागद किती गुळगुळीत आहे ते सांगितलं. एका बाईंनी पूर्वीच्या, प्रत्यक्ष भरणाऱ्या सभेतल्या खाऊच्या पुड्याची आठवण काढली आणि कारखाना बघायला न्या अशी विनंती केली. अध्यक्ष प्रत्येकाकडे प्रसन्नपणे पाहत होते.

भाऊजींचं नाव पुकारलं गेलं. आता हे सांगायला हवं की भाऊजी गेली कित्येक वर्षं आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे चिटणीस आहेत, आणि हळदीकुंकवापासून शोकसभेपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तेच करतात. माइक दिसला की त्यांच्या तोंडून व्यासपीठ सुरू होतं. त्यांनी सन्माननीय अध्यक्षांना वंदन केलं. मग उपाध्यक्षांना. मग पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत दिसणाऱ्या संचालकांची नावं एकेक करून घेतली, कारण एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर बरं दिसत नाही. जावयाचंही घेतलं, तो आमंत्रितांत होता. मग ही संधी दिल्याबद्दल कंपनी सचिवांचे आभार मानले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हाताने ‘पुढे, पुढे’ अशा खुणा करत होती. भाऊजींनी घसा साफ केला, समोरचा कागद उचलला, आणि म्हणाले, “तर माझा प्रश्न असा की,”

आवाज बंद झाला. दोन मिनिटं संपली होती. पडद्यावर भाऊजींचे ओठ हलत राहिले. सभेच्या शेवटी अध्यक्षांनी सर्व वक्त्यांना एकत्रित उत्तर दिलं, आणि पनवेलच्या भागधारकांचे त्यांच्या सदिच्छांबद्दल खास आभार मानले.

त्या दिवशी संध्याकाळी ताईने चहा आणून ठेवला आणि विचारलं, “अहो, आता? उत्तर समाधानकारक होतं की नव्हतं?” भाऊजी म्हणाले, प्रश्नच विचारला गेला नाही, तर उत्तराबद्दल काय म्हणणार. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. शेअर राहिले.

दसऱ्याला ट्रकचं अनावरण झालं. धूर सोडला, ढोल वाजले, पडदा वर गेला आणि झेंडूच्या माळा घातलेल्या ट्रकच्या केबिनमधून अध्यक्ष हात हलवत उतरले. चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. ट्रक जागचा हलला नाही, त्यामुळे लिंबूही शाबूत राहिलं. हे ताईने टीव्हीवर बरोबर टिपलं. भाव मात्र त्या दिवशी चढला. चढतोय म्हणून भाऊजींनी विकले नाहीत. मग वर्षभर तो उतरत गेला, आणि उतरलाय म्हणून विकले नाहीत.

ह्या वर्षी पुन्हा झेंडूवाल्यांनी फुलांचं बोलणं सुरू केलं आहे आणि कंपनीने जाहीर केलं आहे की ट्रक येत्या दसऱ्यापासून रस्त्यावर येईल. सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवा असा निरोप आला. भाऊजींनी तो वाचून मोबाइल पालथा ठेवला. लिफ्टचं घर आता हिशेबातून गेलं आहे. मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरचं एक घर मिळण्यासारखं आहे. मालक म्हणाला आहे, पक्षात तसंही कोणी विचारायला येत नाही, तोवर थांबतो. घटस्थापनेला दुसरं गिऱ्हाईक बयाणा घेऊन येणार आहे. शेअरचा भाव आणखी थोडा घसरला तर पहिला मजलाही जाईल. ताईने हे एकदा सांगितलं आणि मग विषय काढला नाही. तिचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त जिने चढून येतं.

आज तिथी होती. आम्ही तिघं गच्चीवर उभे होतो. पान मांडलेलं, कबुतरं हुसकावलेली, ऊन टाकीवर आपटून डोळ्यांत येत होतं. इतक्यात जिन्याच्या तोंडाशी इस्माईलभाई दिसले. खाली दार उघडं होतं आणि घरात कोणी नव्हतं म्हणून ते वर आले होते. आम्ही काय करतोय ते पाहून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि बाजूला उभे राहिले. भाऊजींनी या म्हटल्यावरच पुढे आले. ट्रकचे उरलेले पैसे भरा म्हणून त्यांना कंपनीचा फोन आला होता. आज सांगायचं होतं. नाहीतर नंबर दुसऱ्याला.

“माफ करा साहेब, अशा वेळी आलो,” ते म्हणाले. “एकच विचारायचंय. तुम्ही अजून आहात ना त्यात?”

मला वाटलं, आता भाऊजी सुरू होतील. इस्माईलभाईंचं स्वागत, कुवेतचा उल्लेख, वाहतूक व्यवसायाचं महत्त्व. पण त्यांनी पानाकडे बघितलं, ताईकडे बघितलं. ताई भिंतीला टेकून गुडघा चोळत होती आणि आमच्याकडे बघत नव्हती.

“इस्माईलभाई,” ते म्हणाले, “मी तुमच्या नंबराकडे बघून थांबलोय.”

इस्माईलभाई म्हणाले, “आणि मी तुमच्याकडे बघून.”

वरून एक विमान गेलं. मग इस्माईलभाईंनी खिशातून फोन काढला, दोन पावलं बाजूला गेले, आणि पलीकडच्या माणसाला हळू आवाजात सांगितलं की आमचा नंबर काढा. भाऊजींनीही मोबाइल काढला. उन्हात पडदा दिसेना, म्हणून मी माझ्या हाताची सावली धरली. त्यांचा अंगठा बराच वेळ काचेवर तरंगत राहिला. पक्ष आहे असं कोणीच म्हणालं नाही. मग तो टेकला.

लगेच सगळे शेअर गेले. एवढा वेळ ज्याला कवटाळून बसलो ते इतक्या पटकन कोणी घेईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. भाऊजी पडद्याकडे बघतच राहिले.

“कोणी घेतले?” ताईने विचारलं.

“नाव कळत नाही. असेल कुठेतरी कोणीतरी. त्यानेही काहीतरी ऐकलं असेल.”

कठड्यावरचं पान तसंच होतं. खिरीवर साय धरू लागली होती. ताईने पदराने तोंड पुसलं, पानाकडे एकदा पाहिलं.

“बिचारा,” ती म्हणाली, आणि भिंत धरून जिना उतरू लागली.